बेस कोण ऐकतो?

घरच्या घरी हेवी मेटल ध्वनिमुद्रित करणाऱ्या तरुण मंडळींत सध्या एक सिद्धान्त मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. बेस गिटार कोण ऐकतो? गिटारी दोन्ही कानांत करवतीसारख्या फिरल्या आणि ड्रम छातीवर आदळले की गाणे झाले. बेस आपला असावा म्हणून असतो, पानात वाढलेल्या मिठासारखा. डग्गा कोण ऐकतो, म्हणून तो घरी ठेवून मैफलीला गेलेला तबलजी माझ्या तरी ऐकिवात नाही.

या सिद्धान्ताला आधारही देतात. मेटॅलिकाची १९८८ सालची 'अँड जस्टिस फॉर ऑल' ही ध्वनिमुद्रिका. तीत बेस जवळजवळ ऐकू येत नाही, तरी ती लाखांनी खपली, मग आमचेच काय अडले? अहो, बेस त्या गाण्यांत वाजवला गेला होता! क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडने तो वाजवला. दाबला गेला तो मिक्सिंगमध्ये. पुढे चाहत्यांनी आपल्या हाताने बेस वर काढून त्या गाण्यांच्या आवृत्त्या फिरवल्या. 'कोण ऐकतो' याचे आणखी काय उत्तर हवे? आणि साधनांच्या गरिबीची सबब तर मुळीच सांगू नये. ब्लॅक सॅबथने आपली पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ च्या ऑक्टोबरात अवघ्या चार ट्रॅकांवर, जवळजवळ एका दिवसात उरकली. तीत गीझर बटलरचा बेस आणि बिल वॉर्डचे ड्रम वेगळे काढू म्हटले तरी निघत नाहीत, आणि हरवत तर अजिबात नाहीत. आज कोणत्याही पोराच्या लॅपटॉपवर चाराच्या कितीतरी पट ट्रॅक असतात.

माझा हा राग ऐकीव नाही. माझ्या भाच्याने आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चार गाणी ध्वनिमुद्रित केली. बेस त्याच्या मित्राचा. चार महिने तो मुलगा कामावरून सुटून, खांद्यावर बेस अडकवून यायचा. सगळे तयार झाल्यावर आम्ही तिघे ऐकायला बसलो. दोन गाणी झाली आणि तो मला हळूच म्हणाला, "काका, मी यात कुठे आहे?" भाचा म्हणाला, "आहेस की! नीट ऐक." मी नीट ऐकले. तो नव्हता.

भाचा दुष्ट नाही. त्याला फसवले त्या खोलीने. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये छप्पन-सत्तावन्न हर्ट्झच्या आसपासची लाट अडकून राहते. भिंतीशी, कोपऱ्यात ती घुमते आणि बरोबर मधोमध जवळजवळ नाहीशी होते. खोली चौरस असली तर दोन्ही बाजूंनी तोच प्रकार. बेसची मोकळी ए तार वाजते पंचावन्न हर्ट्झवर, आणि किक ड्रमचा ठोकाही बहुधा याच वस्तीत राहतो. चिरंजीवांची खुर्ची खोलीच्या मधोमध! ए ऐकू येईना म्हणून त्याने बेस चढवला. गाणे गाडीत लावून पाहिले तर सगळी गाडी घुमू लागली. वैतागून त्याने फेडर पार खाली ओढला. आणि मग, केलेल्या कृत्याला तत्त्वज्ञान हवे म्हणून, 'बेस कोण ऐकतो'!

दुसरे खूळ तयार पाककृतींचे. किकला साठ हर्ट्झ द्या, बेसला ऐंशी, म्हणजे दोघे भांडणार नाहीत, असे कोणीतरी सांगून ठेवलेले असते आणि तेच माप प्रत्येक गाण्याला लावले जाते. पण गाणे धावते किती वेगाने, हे कोणी विचारायचे? मिनिटाला दोनशे मात्रांच्या लयीत, मात्रेला चार ठोके अशी दुहेरी किक वाजली की दोन ठोक्यांत पंचाहत्तर मिलिसेकंदांचेच अंतर उरते. पन्नास हर्ट्झचे एक आवर्तनच वीस मिलिसेकंदांचे; तेवढ्या जागेत चारही आवर्तने मावत नाहीत. तिथे किकला लांब शेपूट ठेवली तर ठोके जाऊन नुसती घरघर राहते. अशा गाण्यात किकने टोक तेवढे द्यावे आणि तळ बेसला सोडावा. संथ गाण्यात किकला पसरायला ऐसपैस जागा असते. तिथे वाटणी उलटी करता येते. ही वाटणी ठरवायची तर आधी दोघांना एकत्र ऐकायला हवे, बाकी सगळे बंद करून. आमची मंडळी आधी गिटारी रचतात, शंभर हर्ट्झच्या आसपासची सगळी जागा त्यांच्या जाडीने भरून टाकतात आणि मग उरलेल्या फटीत बेस कोंबतात.

मोबाईलवर बेस ऐकूच येत नाही, हाही एक मुद्दा असतो. त्या इवल्याशा स्पीकरमधून तळचा स्वर निघत नाही हे कबूल. पण बेसला थोडी खरखर दिली की वरचे स्वरांश उमटतात आणि मूळ स्वर कान आपल्या पदरचा घालून घेतो. कानाची एवढी उदारता असताना कंजुषी आपण का करावी?

शेवटी मी भाच्याची खुर्ची समोरच्या भिंतीकडे सरकवली, गिटारी बंद करायला लावल्या आणि किक आणि बेस एवढेच वाजवायला सांगितले. पहिले गाणे छान चालले. दुसऱ्यात मात्र बेस किकच्या मागे पडत होता, जवळजवळ प्रत्येक ओळीला. भाचा माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहू लागला. मित्राने मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकले, पिशवीतून बेस काढला आणि म्हणाला, "हे मी पुन्हा वाजवतो."

रात्री साडेअकरापर्यंत वाजवत होता.