फेसबुक आहे, मग वेबसाईट कशाला?

"आता वेबसाईट कोण बघतो? सगळे फेसबुकवर असते," असे गावातली मुले आम्हांला सांगतात. दुकानापुरते ते खरे आहे. चतुर्थीला माटोळीचे सामान आले की डिचोलीच्या बाजारातला दुकानदार व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो आणि गिऱ्हाईक हजर होते. त्याने वेबसाईटचा खर्च का करावा?

पण आम्ही बँकेत काऊंटरवर बसणारे. समाजमाध्यमावर मिळालेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरला फोन करून खाते रिकामे झालेला माणूस आमच्यासमोरच येऊन उभा राहतो. फेसबुकवर बँकेचे नाव कोणीही लावू शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाईट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर हलवायला सांगितले. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो.

आम्हां मुळगावकरांना मात्र बँकेपेक्षा खाण जवळची. डिसेंबर २०२२ च्या लिलावात डिचोलीचा पहिला खनिज पट्टा वेदान्त कंपनीला मिळाला. सुमारे ४७८ हेक्टरांच्या या पट्ट्यात आपला गावही येतो. घरे, देवळे, शेते त्यातून वगळा, ही गावाची मागणी वाचकांना ठाऊक आहेच.

अशा मोठ्या प्रकल्पांसाठी २००९ सालापासून एक नियम आहे. पर्यावरण परवाना त्याच्या सर्व अटींसह दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापायचा आणि शिवाय कंपनीच्या वेबसाईटवर कायमचा ठेवायचा. 'कायमचा' हा शब्द नियमातलाच, आमच्या पदरचा नव्हे! अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी सरकारला द्यावा लागतो, आणि तोही सार्वजनिक दस्तऐवज असतो. फेसबुकचे तसे नाही. झाडे लावल्याचे, शाळेत वह्या वाटल्याचे फोटो तिथे कोणतीही कंपनी हौसेने टाकील. धूळ किती, पाण्याची पातळी किती, हे तिथे लिहिण्याचे बंधन तिच्यावर नाही, आणि लिहिलेले उद्या पुसले तरी विचारणार कोण?

आमच्या जुन्या घरांतून पोर्तुगीज काळातले जमिनीचे कागद अजून पेटीत जपलेले आहेत. कागदाची किंमत आम्हांला नव्याने कोणी शिकवायला नको. मग मोबाईलवर रोज तासभर घालवणाऱ्या आमच्या मुलांनी परवान्याच्या अटी एकदा उतरवून छापून का घेऊ नयेत? पुढच्या ग्रामसभेला ती प्रत बरोबर आणा. इंग्रजी अडले तर बँक सुटल्यावर आम्ही बसून वाचून दाखवू.