सालींचं पाणी की खताचा पुडा?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बागकामाचे दोन पंथ नांदतात. एक केळ्याच्या सालींच्या पाण्याचा, दुसरा विद्राव्य खताच्या पुड्याचा. ‘केमिकल घालून झाडं मारता’ असं पहिला म्हणतो. ‘कचरा घालून चिलटं पाळता’ असं दुसरा सुनावतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय.

मुळांना साल खाता येत नाही, तशी पेंडही नाही. झाडं जमिनीतून खनिजद्रव्यं घेतात, हे युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४० साली ठासून मांडलं. नत्र मुळांत शिरतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. ते सालीतून आलं की पुड्यातून, याची चौकशी झाड करत नाही. पुड्यातलं खत पाण्यात विरघळून लवकर लागू पडतं. सालीतलं बरंचसं द्रव्य मात्र सूक्ष्मजीवांनी साल कुजवल्यावरच मोकळं होतं. ग्रिलमधली आठ इंची कुंडी ही कुजवण्याची जागा नव्हे.

घरगुती उपाय एकेक करून तपासू. केळ्याच्या सालीत पालाश भरपूर असतं आणि भिजवल्यावर त्यातलं काही पाण्यात उतरतंही. पण नत्र जवळपास नसतंच, त्यामुळे पिवळ्या पडलेल्या जास्वंदीला हे पाणी घालून ती हिरवी होत नाही. साल मातीत पुरली तर वास, बुरशी आणि चिलटं ठरलेली. चहाच्या चोथ्यात नत्र असतं, मात्र आपला चहा दूध-साखरेचा. चोथा न धुता घातला की मुंग्यांची रांग लागलीच. अंड्याची टरफलं म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, साध्या पाण्यात न विरघळणारं. हातानं चुरलेले तुकडे पुढच्या वर्षी माती बदलताना तसेच सापडतात. शिवाय बोअरवेलचं जड पाणी घालत असाल तर झाडाला कॅल्शियम आधीच मिळतंय. तांदळाचं धुवण ताजं असेल तर खुशाल घाला. फायदा थोडा, तोटा नाही. फक्त त्याला खत म्हणू नका.

आता पुड्याकडे वळू. १९:१९:१९ म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम टाकलं की १९० मिलिग्रॅम नत्र झालं. इतका नेमका हिशेब सालींच्या पाण्यात मांडता येत नाही. जमिनीतल्या झाडाची मुळं अन्नाच्या शोधात लांब जातात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही, आणि प्रत्येक पाण्यासोबत नायट्रेट खालच्या भोकातून वाहून जातं. नुसत्या कोकोपीटमध्ये वाढणाऱ्या झाडाला तर बाहेरून अन्न द्यावंच लागतं. म्हणून विकतच्या खताला विष ठरवणं मला पटत नाही.

विष होतं ते मात्रेमुळे. युरियात ४६ टक्के नत्र असतं. शेतात पोत्यानं टाकायची ही वस्तू कुंडीत चमच्यानं टाकली तरी क्षार इतके साचतात की मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांची टोकं करपतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. आणि पुड्यातलं खत झाडाला खाऊ घालतं, मातीला नाही. माती भुसभुशीत राहायला सेंद्रिय पदार्थच लागतो.

माझा कौल असा: स्वयंपाकघरातलं सगळं वापरा, पण आधी कंपोस्टच्या बादलीत. भोकं पाडलेल्या बादलीत सालींचा एक थर, सुक्या पानांचा एक थर, विरजण म्हणून मूठभर जुनं खत. साधारण दोन-तीन महिन्यांत मातीचा वास यायला लागला की खत तयार. घनकचऱ्याच्या नियमांमुळे ओला कचरा वेगळा काढावाच लागतो. तो घंटागाडीत देण्यापेक्षा हे बरं. कुंडी भरताना तिसरा हिस्सा हे खत घाला, पुढे महिन्या-दोन महिन्यांनी मूठभर. मोगरा, गुलाब, जास्वंद अशा फुलझाडांना बहराच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा लिटरला एक ग्रॅम १९:१९:१९ द्या, तेही माती ओली असताना. मनी प्लांट आणि स्नेक प्लांटला त्याच्या निम्मं पुरे. पावसाळ्यात ऊन नसतं, वाढ मंदावते. तेव्हा हात आखडता घ्या.

आणि पान पिवळं पडलं म्हणून लगेच खत शोधू नका. आधी बोट मातीत खुपसून बघा. घरातली झाडं उपाशी राहून मरतात त्यापेक्षा जास्त पाणी आणि कमी उजेडानं मरतात. त्यावर केळ्याची सालही चालत नाही आणि पुडाही.