बंडखोर नेमके कोण?

लहरी, बंडखोर दिग्दर्शक दिसला की माहितीपटवाले आरती ओवाळू लागतात. लेस ब्लँक यांचा ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ (१९८२) त्यातला नामांकित. ‘फिट्झकराल्डो’साठी वेर्नर हरझॉग यांनी पेरूच्या जंगलात तीनशे टनांवरचे जहाज डोंगरावर चढवले. चढवले म्हणजे काय? बुलडोझर होताच, पण चिखलात राबले आदिवासी! ब्लँक प्रामाणिक, ते कष्ट त्यांनी दाखवले. आधीच्या जागी आग्वारुना आदिवासींनी १९७९ मध्ये चित्रपटाची छावणी जाळली, हेही सांगितले. तरीही प्रेक्षकाच्या मनात उरते हरझॉग यांचे तत्त्वचिंतन. त्यांचा हट्ट ‘स्वप्न’ ठरतो आणि आपल्या भूमीत नको म्हणणारे आग्वारुना त्या स्वप्नातला ‘अडथळा’! मग बंडखोर कुणाला म्हणायचे? छावणी पेटवणाऱ्यांवर माहितीपट कुणी काढायचा?