संचलन पाहायचे तर उभे कुठे राहावे?

डिसेंबर सरत आला की पालकांकडून आम्हाला एक विचारणा हमखास होते. "सर, अजमेरला जियारतला चाललोय. जाता जाता दिल्लीत २६ जानेवारीची परेड मुलांना दाखवावी म्हणतो. कुठून नीट दिसेल?" गाडीचे आरक्षण दोन महिने आधी होते, मुक्कामाची सोय होते. जागेचा विचार मात्र त्या दिवशी सकाळी, गर्दीत शिरल्यावर सुरू होतो. मग मुलांना पुढच्या माणसांच्या पाठी तेवढ्या दिसतात आणि दादी-नानी कुठल्या तरी झाडाखाली बसून बँडचा आवाज ऐकतात. म्हणून या वेळी याच विषयावर चार शब्द.

पहिल्यांदा एक गोष्ट ठरवावी. आपल्याला, किंवा नेमके सांगायचे तर आपल्यातल्या कोणाला, काय पाहायचे आहे? सगळे काही दिसेल अशी एकही जागा या मार्गावर नाही. संचलन विजय चौकातून निघते, कर्तव्य पथावरून इंडिया गेटकडे येते. तिथून टिळक मार्ग, बहादूर शाह जफर मार्ग, पुढे दर्यागंजमधून जाणारा नेताजी सुभाष मार्ग आणि शेवटी लाल किल्ला, असा आठ-नऊ किलोमीटरचा पल्ला आहे. पहिले संचलन १९५० साली आयर्विन स्टेडियमवर झाले होते. आज त्याला मेजर ध्यानचंद स्टेडियम म्हणतात. १९५५ पासून ते राजपथावर होऊ लागले आणि २०२२ मध्ये त्या रस्त्याचे नाव कर्तव्य पथ झाले.

कर्तव्य पथावर बसायला तिकीट लागते. गेल्या काही वर्षांत ही तिकिटे २० आणि १०० रुपयांची आहेत. जानेवारीच्या सुरुवातीला संरक्षण मंत्रालयाच्या 'आमंत्रण' संकेतस्थळावर ती मिळतात, दिल्लीतल्या ठरावीक खिडक्यांवरही मिळतात. तिकीट काढताना जे ओळखपत्र दाखवले, तेच मूळ ओळखपत्र त्या दिवशी जवळ हवे. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. पिशवी, डबा, पाण्याची बाटली, काडेपेटी आत नेऊ देत नाहीत. म्हणून फजरची नमाज अदा करून, पोटभर नाश्ता करूनच निघावे. घरात कोणाला साखरेचा त्रास असेल तर गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवावी. संचलन साडेदहाला सुरू होते, पण बसायला चांगली जागा हवी तर दोन-अडीच तास आधी पोहोचावे लागते. दिल्लीच्या थंडीत आणि धुक्यात एवढा वेळ बसणे आपल्या कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला जड जाते. स्वेटरवर शाल, कानटोपी आणि पायात लोकरी मोजे असू द्यावेत.

इथे बसल्याचा फायदा असा की सलामीचा सोहळा समोर दिसतो. राष्ट्रपतींच्या मंचासमोरून पथक जाते तेव्हा हुकूम सुटतो आणि सगळ्यांच्या माना एका झटक्यात मंचाकडे वळतात. मुलांना सांगावे, मंचाच्या बाजूच्या टोकाकडे नीट पाहा. तिथला जवान मान वळवत नाही. तो सरळ समोर पाहतो, कारण त्याच्या नजरेवर सगळी रांग सरळ राहते. एकवीस तोफांची सलामी, ६१ कॅव्हलरीचे घोडेस्वार, सीमा सुरक्षा दलाचे उंटावरचे पथक, चित्ररथ, मोटारसायकलींच्या कसरती आणि डोक्यावरून जाणारी विमाने यांचा खरा थाट इथेच. परमवीर चक्र आणि अशोक चक्र मिळवलेले वीर जीपमधून सलामी देत जातात, तेही इथे दिसतात. ज्या मुलाला रणगाडे आणि विमाने यांचेच वेड आहे, त्याला इथेच न्यावे.

लहान मुले आणि थकलेली माणसे यांच्यासाठी आम्ही वेगळी वाट सुचवतो. २३ जानेवारीला संपूर्ण गणवेशातली रंगीत तालीम होते. पथके तीच, बँड तेच, गर्दी मात्र कमी. दुसरी वाट २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटची. विजय चौकात संध्याकाळी तिन्ही दलांचे बँड वाजतात, मागे रायसीना टेकडीवर उंटस्वार उभे असतात आणि अंधार पडताच सगळ्या इमारती दिव्यांनी उजळतात. पहाटेची थंडी नाही, दिवसभराचे ताटकळणे नाही. गुडघे दुखणाऱ्या अम्मींसाठी याहून सोयीची जागा नाही.

आता तिकीट नसलेल्यांसाठी. इंडिया गेटच्या पुढे लोक रस्त्याकडेला उभे राहून संचलन पाहतात. पोलीस दोर बांधतात आणि जिथे उभे राहू देतील तिथेच उभे राहायचे. आदल्या दिवशी वाहतूक पोलिसांचे पत्रक निघते. कोणते रस्ते बंद, मेट्रोच्या कोणत्या स्थानकांवर चढ-उतार बंद, हे त्यात असते. ते वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

या भागात जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली ऊन. जानेवारीत सकाळी सूर्य आग्नेयेला खाली असतो. बहादूर शाह जफर मार्ग साधारण दक्षिणोत्तर जातो. पूर्वेकडच्या पदपथावर उभे राहिले की ऊन पाठीवर येते, डोळ्यांवर येत नाही. जवानांचे चेहरे उजेडात दिसतात आणि म्हाताऱ्यांच्या पाठीला ऊबही मिळते. दुसरी गोष्ट रस्त्याचे वळण. सरळ रस्त्यावर पथक दोन मिनिटांत निघून जाते. वळणावर मात्र आतल्या बाजूचा जवान आखूड पावले टाकतो, बाहेरच्या बाजूचा लांब, आणि तरीही ओळ मोडत नाही. आपल्या मुलांना नमाजमध्ये सफ सरळ ठेवण्याची सवय असते. खांद्याला खांदा लावून ओळ राखणे किती अवघड आहे, हे त्यांना लगेच कळते.

गेल्या साली आम्ही सहा जण याच मार्गावर उभे होतो. आमचा भाचा नववीत आहे. संचलनाची त्याला हौस असेल असे वाटले होते, पण आदल्या रात्री तो म्हणाला, "मामू, आपण मागेच उभे राहू या. पुढे कशाला?" बराच वेळ गेल्यावर कारण बाहेर आले. क्रिकेटच्या सामन्यानंतर वर्गातल्या कोणीतरी त्याला विचारले होते, "तू नक्की कोणाच्या बाजूने?" त्याने उत्तर दिले नव्हते. पण तेव्हापासून जिथे झेंडे असतील, घोषणा असतील, तिथे तो मागे उभा राहू लागला होता. आम्ही त्याला भाषण दिले नाही. या वयात भाषणाचा उपयोग कमीच होतो. एवढेच म्हणालो, "अम्मींचा हात धरायचे काम तुझे."

सकाळी दिल्ली गेटच्या अलीकडे आम्ही पूर्वेच्या पदपथावर पोहोचलो तेव्हा चार-पाच ओळी आधीच उभ्या होत्या. हरियाणातले एक आजोबा पुढे होते. त्यांनी अम्मींकडे पाहिले आणि बाजूच्यांना म्हणाले, "माताजी को आगे आने दो भाई." लोक सरकले. अम्मी पुढे गेल्या आणि त्यांचा हात धरून भाचाही थेट दोरापाशी गेला. तासभर तो तिथेच होता. त्या आजोबांनी त्याला पथकांची नावे सांगितली. कोणाच्या बाजूने, हे त्याला कोणी विचारले नाही.

पथकांच्या मधल्या वेळात त्याने मागे वळून विचारले, "मामू, हा दगडी दरवाजा कसला?" आम्ही ती जागा निवडली होती ती याच प्रश्नासाठी. तो खूनी दरवाजा. सप्टेंबर १८५७ मध्ये मेजर हॉडसनने बादशहा बहादूर शाह जफर यांच्या दोन मुलांना आणि एका नातवाला इथे गोळ्या घातल्या. जानेवारी १८५८ मध्ये लाल किल्ल्यात खुद्द बादशहांवर खटला चालला आणि त्यांना रंगूनला पाठवण्यात आले. १८६२ मध्ये ते तिथेच वारले. दिल्ली गेटच्या पुढचा रस्ता नेताजींच्या नावाचा आहे. त्यांच्या आझाद हिंद सेनेतल्या अधिकाऱ्यांवरही इंग्रजांनी १९४५ मध्ये त्याच लाल किल्ल्यात खटला भरला. पहिले तीन आरोपी होते शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लन. ज्या किल्ल्यात परक्यांनी आपल्या माणसांना आरोपी म्हणून उभे केले, त्याच किल्ल्याकडे आपली फौज बँड वाजवत जाते. संचलनाच्या मार्गाला हा अर्थ आहे आणि तो इंडिया गेटच्या पुढे उभे राहिल्यावरच नीट उमगतो.

भाच्याला आम्ही आणखी एक नाव सांगितले. परमवीर चक्र विजेते अब्दुल हमीद, ४ ग्रेनेडियर्सचे. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने त्यांनी शत्रूचे रणगाडे उडवले आणि तिथेच शहीद झाले. १९६६ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हातून ते पदक स्वीकारले. कारगिलच्या युद्धात परमवीर चक्र मिळवणारे योगेंद्रसिंह यादवही ग्रेनेडियर्सचेच. रेजिमेंट एक, नावे दोन. "कोणाच्या बाजूने" याचे उत्तर तिथे आधीच लिहिलेले आहे. आपल्या मुलाने ते तोंडाने सिद्ध करत बसायची गरज नाही. त्याने फक्त मागे उभे राहू नये.

उभे राहण्याचाही अदब असतो. मुलाला खांद्यावर घेतले की मागच्या चार जणांचे दृश्य जाते. त्यापेक्षा त्याला पुढे, दोरापाशी पाठवावे. मोबाइल डोक्याच्या वर धरून चित्रण करू नये. कोणी म्हातारे माणूस किंवा लेकुरवाळी बाई मागे दिसली तर जागा द्यावी, मग ती कोणाची का असेना. राष्ट्रगीत सुरू झाले की बोलणे थांबवून ताठ उभे राहावे. मुले आपल्याकडे पाहूनच शिकतात. निघताना घाई करू नये, गर्दी ओसरू द्यावी. लाल किल्ल्याच्या बाजूला असाल तर जामा मशीद जवळच आहे. जोहरची नमाज तिथे अदा करून मग जेवायला जावे.

दिल्ली सर्वांना जमत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. मुंबईकरांना दादरचे शिवाजी पार्क आहे, जिल्ह्याच्या गावी पोलीस मैदान आहे. तिथेही हाच हिशोब करावा. ऊन कुठून येते, वळण कुठे आहे, घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थोर माणसाला कुठून दिसेल. यंदा २६ जानेवारीला शाळेतले झेंडावंदन आटोपून मुलांना घेऊन तासभर तरी मैदानावर जा. पुढची ओळ मोकळी असेल तर तीच धरा.