दुसऱ्या डेंग्यूचा धोका

पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : प्लेटलेट किती उतरल्या? मला त्याहून महत्त्वाचा वाटणारा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या रुग्णाला पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेला आहे काय?

गोवर एकदा झाला की सहसा जन्माची सुटका होते. डेंग्यूच्या विषाणूचे मात्र चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्यापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, उरलेल्या तिघांपासून थोडेच महिने. पुढे दुसऱ्या प्रकारचा विषाणू शिरला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. आता, प्रतिपिंड चिकटलेले जे दिसेल ते गिळायचे, हा आपल्या मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशींचा धर्मच. त्या विषाणूला गिळतात आणि तो आत मरण्याऐवजी वाढू लागतो. चोराला चावडीवर आणावे आणि त्याने तिथेच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार! मग या पेशी आणि जुन्या ओळखीवर विसंबलेल्या टी-पेशी प्रक्षोभक रसायनांचा मारा करतात. केशवाहिन्या पाझरू लागतात, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो. हे बहुधा ताप उतरताना घडते. म्हणजे घरची मंडळी निर्धास्त होतात नेमके तेव्हाच. त्या वेळी पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, ग्लानी, हिरड्यांतून रक्त असे काही दिसले, तर पपईच्या पानांचा रस काढत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे.

स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६०च्या दशकात बँकॉकमधील मुलांचा अभ्यास करून हा तर्क मांडला. क्युबात त्याचा दारुण प्रत्यय आला. तेथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, तुलनेने सौम्य. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला आणि १५८ माणसे दगावली. त्यांत १०१ मुले होती.

मग लशीचे काय? अपुरे संरक्षण देणारी लसही शरीराच्या लेखी 'पहिला डेंग्यू' ठरू शकते. फिलिपाइन्सने २०१६ मध्ये सानोफी कंपनीची लस शाळकरी मुलांना देण्यास सुरुवात केली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत तिच्यामुळे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो, हे कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. मोहीम थांबली, पण तेथील पालकांचा इतर लशींवरचा विश्वासही ढासळला.

भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांनी एकाच मात्रेच्या लशीची मोठी चाचणी सुरू केली. ही लस वेगळी आहे, दुबळ्या केलेल्या डेंग्यू विषाणूंचीच बनवलेली. त्याच मूळ वाणांवर बेतलेल्या लशीने ब्राझीलमध्ये दोन वर्षांत सुमारे ८० टक्के संरक्षण दिले, मात्र त्या काळात तेथे दोनच प्रकार फिरत होते. आपल्या चाचणीत दहा हजारांहून अधिक प्रौढ आणि पाठपुरावा दोन वर्षांचा, असे ठरले. मला खटकते ते हेच. सानोफीच्या चाचण्यांत लहान मुलांबाबतचा इशारा तिसऱ्या वर्षी मिळाला होता. तेव्हा पाठपुरावा लांबवावा, पूर्वी डेंग्यू न झालेल्यांचे निकाल वेगळे जाहीर करावेत आणि मुलांवर स्वतंत्र चाचणी झाल्याखेरीज ही लस शाळांत नेऊ नये.