जुन्या फ्रेमला नवे चाक

माउंटन बाइक जन्मली तीच जुन्या सायकलींच्या डागडुजीतून. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७०च्या दशकात काही तरुण मुलांनी १९३०-४०च्या काळातल्या, फुगीर टायरांच्या जड श्विन सायकली शोधून काढल्या आणि माउंट टॅमलपाईसच्या परिसरातले मातीचे उतार त्यांवरून उतरायला सुरुवात केली. १९७६ साली तिथल्या एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. पायडल मागे दाबून लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे, की हबमधलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. मग याच मंडळींनी त्या जुन्या फ्रेमना मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर लावले, ड्रम ब्रेक लावले, गिअर बसवले. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली ती १९७७मध्ये. म्हणजे आधी जुन्यावर नवे भाग चढले आणि त्यानंतर माउंटन बाइक नावाची वस्तू बाजारात आली.

आपल्याकडे मात्र जुनी सायकल म्हणजे भंगार, असं आता जवळपास ठरून गेलं आहे. नगरच्या सावेडीपासून भिंगारपर्यंत कुठल्याही सोसायटीचं पार्किंग बघा. कोपऱ्यात धूळ खात, टायर बसलेल्या गिअरच्या सायकली उभ्या दिसतील. त्यांतल्या बऱ्याच लोखंडी फ्रेमच्या आणि अगदी धडधाकट आहेत. माझ्याकडची सायकल तशीच होती. भावाने कॉलेजात असताना घेतलेली, २६ इंची चाकांची. नवीन चांगली माउंटन बाइक घ्यायची तर आज तीस हजारांच्या पुढे जावं लागतं. मी फ्रेम तीच ठेवली आणि बाकीची सायकल तिच्याभोवती नव्याने उभी केली.

खर्चाची सुरुवात मागच्या चाकापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. स्वस्त गिअरच्या सायकलींना हबवर आट्यांनी चढवायचं फ्रीव्हील असतं. त्यात उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. खडकाळ वाटेवर, मागे वजन पडलं की हाच एक्सल वाकतो, पुढे तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये फिरणारा भाग हबचाच असतो, त्यामुळे उजवीकडचे छर्रे थेट बाहेरच्या टोकाजवळ बसतात. एक्सल वाकण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. या हबला मागे १३५ मिलिमीटर जागा लागते. जुनी फ्रेम १३० मिलिमीटरची असेल आणि लोखंडी असेल, तर जाणकार मिस्त्री ती तेवढी फाकवून देतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हा प्रयोग अजिबात करू नये, ती तडकते.

चाक मी तयार घेतलं नाही. मिस्त्रीकडून बांधून घेतलं. दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची रिंग, नवा हब, छत्तीस आरे. आरे विणताना आणि नंतर आउट काढताना बोटाने एकेक तार वाजवून ताण जोखणारा माणूस बघणं हा मोठा आनंद आहे. ‘दादा, थोडं चालवून परत आणा, आरे बसले की पुन्हा एक हात फिरवतो,’ असं तो म्हणाला, आणि खरोखरच दुसऱ्या खेपेनंतर चाक जे सरळ झालं ते आजही तसंच आहे. हे कौशल्य आपल्या जिल्ह्यात अजून शिल्लक आहे. पण ज्यांना ते येतं त्यांच्याकडे दिवसभर फक्त पंक्चर येतात, हे मला फार लागतं.

ॲल्युमिनियमच्या रिंगचा दुसरा फायदा ब्रेकला. जुन्या लोखंडी क्रोमच्या रिंगा पावसात ओल्या झाल्या की ब्रेक दाबूनही सायकल पुढे सरकत राहते. करंजी घाटाच्या उतारावर ही गोष्ट जिवावर बेतू शकते. माझ्या फ्रेमला डिस्क बसवायची सोय नाही, म्हणून चांगल्या रबरांचे व्ही-ब्रेक आणि नव्या केबली घातल्या. पावसाळ्यात काळ्या रानातून जायचं असेल, तर डिस्कच बरी, हे मान्य करायला हवं. ती माती चिमट्यात आणि ब्रेकमध्ये अशी भरते, की चाक फिरणंच थांबतं.

टायर घेताना एक काळजी घ्या. दुकानात नुसतं ‘२६चा टायर’ म्हटलं, तर साध्या सायकलचा २६ बाय १ ३/८ हाती पडू शकतो. त्याचा व्यास ५९० मिलिमीटरचा, आपल्या माउंटन बाइकच्या रिंगचा ५५९चा. टायरच्या कडेला ५५९ हा आकडा असल्याची खात्री करूनच पैसे द्या. आणि नगरकरांसाठी त्याहून मोठा विषय काट्यांचा. बाभूळ तर आहेच, पण पाऊस सरल्यावर वाटेच्या कडेला वाळून पडणारा सराटा सर्वांत वाईट. कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतो. ट्यूब आणि टायरच्या मध्ये जाड पट्टी घातल्यापासून मी निवांत आहे.

गिअरच्या बाबतीत बारा-बारा चकत्यांच्या मोहात पडू नये. मी आठ चकत्यांची, ११ ते ३४ दात्यांची कॅसेट घेतली, कारण तिची चेन सहज आणि स्वस्तात मिळते. पुढची सर्वांत लहान चकती २४ दात्यांची, ती जुनीच. या जोडीवर पायडलचा एक फेरा झाला, की मागचं चाक पाऊण फेऱ्याहूनही कमी फिरतं, आणि चांदबिबी महालाचा चढ बसल्या बसल्या निघतो. चेन मात्र शाळेच्या फूटपट्टीने मोजत राहा. बारा इंचांच्या कड्या एक सोळांश इंचाने लांबल्या, की चेन बदला. आणखी ताणू दिलीत, तर ती कॅसेटचे दातेही खाऊन टाकते.

पुढचे स्वस्त शॉकअप मी काढूनच टाकले. वजन फार आणि काम थोडं. त्यांच्या जागी लोखंडी साधा चिमटा आला आणि सायकल हलकी झाली.

या जिल्ह्याला डोंगरी सायकल शोभते. कळसूबाई इथे, रतनगड आणि हरिश्चंद्रगड इथे, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून साम्रदकडे जाणारी वाट इथे. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत पदकं मिळवली. तिच्यासारख्या आणखी मुली आणि मुलं अकोल्या-पारनेरच्या गावांत नक्की आहेत. त्यांच्या घरी तीस हजारांची सायकल येणार नाही. शहरातल्या पार्किंगमधली पडून राहिलेली, नीट बांधलेली सायकल येऊ शकते.

म्हणून सांगतो, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी फ्रेम ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि वेल्डिंगचे सांधे उजेडात नीट तपासा. कुठे चीर नसेल, तर ती मिस्त्रीकडे न्या. आधी मागचं चाक, मग ब्रेक, मग टायर, या क्रमाने पैसे खर्च करा. तुम्हाला चालवायची नसेल, तर नीट करून घेतलेली सायकल गावाकडच्या एखाद्या शाळेतल्या मुलीला देऊन टाका.