फायलीत न मावलेली माणसे

बँकेच्या नोकरीतली माझी बरीच वर्षे कर्जाच्या फायली वाचण्यात गेली. सात-बाराचा उतारा, आठ-अ, जामीनदार, मागची थकबाकी, असा तो ठरलेला क्रम. पाऊस लांबलेल्या एका वर्षी आमच्या शेवगाव तालुक्यातला एक शेतकरी बैलासाठी कर्ज मागायला आला होता. जोडीतला एक बैल पायाने अधू झाला होता आणि पेरणी तोंडावर आली होती. मागचे हप्ते थकले होते, म्हणून मी नियमावर बोट ठेवून अर्ज परत केला. तो वाद घालायला थांबला नाही. टोपी सारखी केली आणि निघून गेला.

हा माणूस मला पुन्हा आठवला तो 'टिंग्या' पाहताना. मंगेश हाडवळे यांचा हा चित्रपट २००८ सालचा. जुन्नरच्या डोंगराळ भागातले गरीब शेतकरी घर आहे. चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो आणि बापाला तो कसायाला विकून दुसरा घ्यावा लागणार असतो. पोरगा विचारतो, शेजारची म्हातारी नानी आजारी पडली तर तिच्यावर औषधपाणी करता, मग बैलालाच का विकता? बापाकडे उत्तर नसते. मी स्वतःला विचारून पाहिले, तर माझ्याकडेही नव्हते. मला त्या बैलाची फक्त किंमत ठाऊक होती.

पुढच्याच वर्षी सतीश मनवरांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. विदर्भातले गाव. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका धास्तावते. आपला नवराही तसेच काही करील म्हणून पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते. त्या पाठलागात आपण चक्क हसतो आणि हसल्याची लगेच लाजही वाटते. बँकेत आम्ही अशा माणसाच्या नावापुढे 'मयत खातेदार' एवढेच लिहीत असू. त्याच्या घरातली ती धास्ती लिहायला आमच्या कागदात रकाना नव्हता.

'ख्वाडा' (२०१४) तर आपल्या जिल्ह्यातला. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी त्यासाठी वडिलार्जित जमीन विकली. जमीन विकून सिनेमा काढणाऱ्याला मी एक रुपयाही कर्ज दिले नसते, हे प्रांजळपणे सांगतो. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले! मेंढरे, घोडी आणि संसार घेऊन चाललेले धनगर कुटुंब आपल्या रस्त्यांवर नेहमी दिसते. आपण गाडीचा भोंगा वाजवतो आणि पुढे जातो. हा चित्रपट आपल्याला त्यांच्या बिऱ्हाडात नेऊन बसवतो.

त्याच वर्षीचा चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' वेगळ्या जातीचा. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप एका लोकशाहिरावर ठेवला जातो. तारखांमागून तारखा पडतात. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. कुणीच दुष्ट नाही आणि तरीही शाहीर तुरुंगातच! चित्रपट संथ आहे. आमच्या सौ. मध्येच उठून डाळ भिजत घालून आल्या. पण सरकारी कचेरीत ज्याने हेलपाटे घातले आहेत, त्याला तो संथपणा ओळखीचा वाटेल.

अलीकडे पुण्याला मुलाकडे गेलो असताना रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' पाहिला. सनडान्स महोत्सवात २०२५ साली त्याला जागतिक कथापटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा मुलगा गावी येतो आणि बालमित्राशी असलेले नाते पुन्हा उमलते. दोन पुरुषांमधले प्रेम हा विषय आमच्या पिढीला अवघड. पण इथे आरडाओरड नाही, उपदेश नाही. मुलाला समजून घेणारी आई आहे. ती मला फार मोठी वाटली.

सांगायचा मुद्दा असा की, हे चित्रपट ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यापर्यंत ते क्वचितच पोचतात. मोठ्या शहरांत एखाद-दुसरा आठवडा, गैरसोयीच्या वेळेचा एक खेळ, की संपले. मग 'मराठीत चांगले निघतच नाही' असे म्हणायला आपण मोकळे. मुंबईत प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून चांगला सिनेमा पाहण्याची सवय लावली. तालुक्याच्या गावाला तेवढा पसारा नको. महाविद्यालयाचे सभागृह किंवा वाचनालयाची खोली, एक पडदा, निर्मात्याची रीतसर परवानगी आणि महिन्याचा एक रविवार पुरे. खेळानंतर अर्धा तास बोलायला ठेवावा.

असा खेळ शेवगावात सुरू झाला तर मी जरूर जाईन, पण मागच्या रांगेत बसेन. टेबलापलीकडे बसून मी फार बोललो. काही न बोलता टोपी सारखी करून निघून गेलेल्या माणसांना काय म्हणायचे होते, ते आता ऐकायचे आहे.